नमस्कार, रामराम, जोहार... कुणी कुणाला काय म्हणायचं, यावर एकेकाळी सरकारी हुकूम निघाला होता

फॅमिली ग्रुपवर वर्षातून दोन-तीनदा तरी एक मेसेज हमखास फिरतो. 'राम राम' दोनदाच का म्हणतात? खाली उत्तरही असतं. व्यंजनांच्या क्रमात 'र' २७वा, स्वरांच्या क्रमात 'आ' दुसरा आणि 'म' २५वा. बेरीज ५४. राम दोनदा म्हटलं की झाले १०८. म्हणजे नुसतं 'राम राम' म्हटलं तरी एक जपमाळ पूर्ण. शेवटी 'आपल्या पूर्वजांना त्रिवार वंदन' आणि 'दहा जणांना पाठवा'.

गणित बरोबर आहे. क पासून मोजून बघा, 'र' २७वाच येतो. पण गणित बरोबर आहे म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. बांधावर, बाजारात, एसटीच्या थांब्यावर पिढ्यानपिढ्या ज्यांनी एकमेकांना रामराम घातला, त्यातल्या बहुतेकांनी मुळाक्षरांचा तक्ता कधी पाहिलाही नव्हता. मग दोनदा का? कारण देवाचं नाव दोनदा घ्यायची आपली जुनी सवयच आहे. हरी हरी, शिव शिव, जय जय हे त्यातलेच.

दुसरा मेसेज नमस्काराचा. हात जोडल्यावर बोटांची टोकं दाबली जातात, त्यातून मेंदूला चालना मिळते आणि समोरचा माणूस कायमचा लक्षात राहतो, असं त्यात सांगतात. याला ठोस वैज्ञानिक पुरावा नाही. यातली व्यवहारात दिसणारी गोष्ट एकच: नमस्कारात स्पर्श होत नाही. म्हणून तर मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स लंडनच्या एका कार्यक्रमात हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात मागे घेऊन नमस्कार करताना दिसले आणि तो व्हिडिओ जगभर फिरला.

पण या दोन्ही मेसेजमध्ये एक गोष्ट राहून जाते. नमस्काराचा अर्थ अक्षरांच्या बेरजेत किंवा बोटांच्या टोकांत शोधला की खरा प्रश्न बाजूला पडतो. कोण कुणासमोर वाकतं? कुणी 'नमस्कार' म्हणायचं आणि कुणी म्हणायचं नाही? उत्तर म्हणून काय मिळतं? महाराष्ट्रात या प्रश्नांवरून भांडणं झाली आहेत, अर्ज-तक्रारी झाल्या आहेत आणि चक्क सरकारी बंदीसुद्धा आली आहे.

आधी शब्द समजून घेऊ

'नमस्कार'च्या मुळाशी संस्कृतमधला 'नम्' हा धातू आहे. अर्थ साधा: वाकणं, झुकणं. त्यापासून 'नमः', आणि 'नमः' करणं म्हणजे नमस्कार. नमन, नम्र, विनम्र, प्रणाम हे सगळे त्याच घरातले शब्द. नम्र माणूस म्हणजे शब्दशः वाकलेला माणूस.

'नमः' म्हणजे 'न मम', अर्थात 'माझं काही नाही', असा एक अर्थ प्रवचनांत सांगितला जातो. भक्तीच्या अंगानं तो सुंदर आहे. पण तो नंतर लावलेला अर्थ आहे, शब्दाची उत्पत्ती नाही.

'नमस्ते' म्हणजे नमः आणि ते. यातल्या 'ते'चा अर्थ 'तुला'. तुम्हांला नाही, तुला. आज आपण ज्यांना अहो-जाहो करतो त्यांनाही नमस्ते म्हणतो, पण मुळात तो एकवचनी शब्द आहे. संस्कृतमध्ये 'नमः'सोबत चतुर्थी विभक्ती येते. म्हणून गणेशाय नमः, शिवाय नमः आणि सूर्यनमस्कार घालताना मित्राय नमः. ज्याच्यापुढे वाकायचं, त्याचं नाव चतुर्थीत. यजुर्वेदातल्या रुद्रात तर 'नमः' इतक्या वेळा येतं की त्या भागाचं नावच 'नमक' पडलं.

वाकण्याच्याही पायऱ्या

वाकायचं म्हटलं तरी किती वाकायचं, हे समोर कोण आहे त्यावर ठरायचं.

पहिली पायरी हात जोडण्याची. जोडलेल्या हातांना संस्कृतमध्ये अंजली म्हणतात. बरोबरीच्या माणसाला एवढं पुरतं.

दुसरी पायरी चरणस्पर्शाची, म्हणजे पाया पडण्याची. यात एक बारकावा आहे. गुरूंच्या पाया पडताना हातांची अदलाबदल करावी, असं मनुस्मृतीत सांगितलं आहे. समोरासमोर उभं राहिलं की आपल्या उजव्या हातासमोर त्यांचा डावा पाय येतो. म्हणून हात एकमेकांवरून नेऊन उजव्या हातानं उजवा आणि डाव्या हातानं डावा पाय शिवायचा. काही घरांत मुंजीच्या वेळी मुलाला आजही हे शिकवतात. त्यासोबत स्वतःचं प्रवर, गोत्र, शाखा आणि नाव सांगून 'मी अभिवादन करतो' असं म्हणायचं असतं. थोडक्यात, वाकताना आपण कोण, कुठल्या कुळातले, ही ओळखही द्यायची.

तिसरी पायरी साष्टांग नमस्काराची. स-अष्ट-अंग, म्हणजे आठ अंगांसह. छाती, डोकं, हात, पाय, गुडघे ही पाच शरीराची, आणि दृष्टी, वाणी व मन ही तीन. म्हणजे नुसतं पालथं पडून साष्टांग पूर्ण होत नाही, मनही तिथं असावं लागतं. साष्टांग पुरुषांनी घालावा आणि बायकांनी गुडघे टेकून, वाकून नमस्कार करावा, असा प्रघात आहे.

दंडवत म्हणजे दंडासारखं, काठी आडवी पडावी तसं जमिनीवर पडणं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सुरू केलेल्या महानुभाव पंथात आजही एकमेकांना 'दंडवत प्रणाम' असंच म्हणतात.

उत्तरसुद्धा जातीप्रमाणे

नमस्कार केला की समोरून उत्तर येतं. हे उत्तर कसं द्यायचं, याचे नियम वाचले की गंमत वाटते आणि थोड्या वेळानं गंमत वाटेनाशी होते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अभिवादनाचा मोठा भाग आहे. मोठ्यांना नेहमी वंदन करणाऱ्याचं आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढतं, असं तिथं म्हटलं आहे. हे वाक्य शाळेच्या भिंतीवर अनेकांनी वाचलं असेल. त्याच अध्यायात थोडं पुढे भेटल्यावर ख्यालीखुशाली कशी विचारायची तेही दिलं आहे. ब्राह्मणाला 'कुशल' विचारायचं, क्षत्रियाला 'अनामय', वैश्याला 'क्षेम' आणि शूद्राला 'आरोग्य'. म्हणजे 'कसं काय, बरं आहे ना?' एवढं विचारायलासुद्धा चार वर्णांसाठी चार शब्द.

त्याच्याही आधीच्या पाणिनीच्या व्याकरणात याबद्दल एक सूत्र आहे. धाकट्यानं अभिवादन केल्यावर मोठ्यानं आशीर्वाद देताना त्याचं नाव घ्यायचं आणि नावाचा शेवटचा स्वर लांबवायचा. आई लाडानं हाक मारताना नाव लांबवते, तसं काहीसं. या लांबवलेल्या स्वराला प्लुत म्हणतात. पण सूत्रातच अपवाद आहे: अभिवादन करणारा शूद्र असेल तर स्वर लांबवायचा नाही. पुढच्या वैयाकरणांनी या अपवादात स्त्रियांचीही भर घातली.

पतंजलीच्या महाभाष्यात तर व्याकरण का शिकावं याच्या कारणांमध्ये हे एक कारण दिलं आहे. ज्याला उत्तर देताना स्वर लांबवता येत नाही, त्याला बायकांना करतात तसं साधं अभिवादन करावं, असं तिथं म्हटलं आहे. म्हणजे आपली गणती बायकांत होऊ नये म्हणून व्याकरण शिका. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा टोमणा वाचला की नमस्काराच्या एका स्वरात केवढी प्रतिष्ठा अडकली होती ते कळतं.

बायकांना मिळणारे आशीर्वादही बघण्यासारखे आहेत. पाया पडलेल्या मुलाला मिळतं 'आयुष्मान भव', 'यशस्वी भव'. लग्न झालेल्या मुलीला मिळतं 'अखंड सौभाग्यवती भव', जुन्या घरांत 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव'. सौभाग्य म्हणजे नवरा हयात असणं. पाया ती पडते, आयुष्य नवऱ्याचं मागितलं जातं. आणि नवरा गेला की हा आशीर्वादही जातो, हळदीकुंकवाचं बोलावणंही जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली, ती या सगळ्या ओझ्यामुळेच. आता अनेक आज्या नातसुनेला सरळ 'सुखी राहा, मोठी हो' म्हणतात. आशीर्वाद बदलायला वेळ लागतो, पण तो बदलतो.

१७७९: नमस्कारावर बंदी

आता या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट.

अठराव्या शतकात मुंबईतले सोनार, म्हणजे दैवज्ञ समाजाचे लोक, एकमेकांना 'नमस्कार' म्हणत होते. यात वावगं काय, असं आज कुणालाही वाटेल. पण त्या काळी 'नमस्कार' हा ब्राह्मणांनी ब्राह्मणांना करायचा, अशी समजूत पक्की होती. दैवज्ञ स्वतःला ब्राह्मण मानत होते, पण इतर ब्राह्मणांना ते मान्य नव्हतं. मग सोनार 'नमस्कार' म्हणतात कसे, यावरून वाद पेटला.

मुंबई तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होती. ब्राह्मणांनी कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या. पुण्याहून पेशव्यांच्या नावानंही कंपनीच्या मुंबईतल्या अध्यक्षाला पत्रं गेली, एकदा नाही, अनेकदा. मागणी एकच: सोनारांना 'नमस्कार' म्हणण्यापासून रोखा.

आणि १७७९ मध्ये कंपनी सरकारनं खरोखरच तसा हुकूम काढला. सोनारांनी 'नमस्कार' हा अभिवादनाचा प्रकार वापरू नये, असा.

हे वर्ष कुठलं होतं ते लक्षात घ्या. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध सुरू होतं. त्याच वर्षी जानेवारीत मराठ्यांनी वडगावला इंग्रजांना कोंडीत पकडून तह करायला लावला होता. पेशवे सवाई माधवराव चार-पाच वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणवीस बघत होते. रणांगणावर एकमेकांसमोर उभी असलेली ही दोन सरकारं एका मुद्द्यावर मात्र एकाच बाजूला आली: सोनारानं नमस्कार म्हणायचा नाही. कंपनीच्या दृष्टीनं यात तिचं काहीच जात नव्हतं. ज्यांचं जात होतं त्यांना कुणी विचारलं नाही.

एक शब्द, तोही दुसऱ्याचा मान राखणारा, आणि तो उच्चारायला बंदी. कारण तो शब्द उच्चारणं म्हणजे 'मी तुमच्या बरोबरीचा' असं जाहीर करणं होतं.

रामराम कुणाचा, जोहार कुणाचा?

मग बाकीचे लोक काय म्हणायचे? जुन्या पत्रांचे मायने पाहिले की चित्र स्पष्ट होतं. ब्राह्मण ब्राह्मणाला लिहिताना 'साष्टांग नमस्कार', मराठा सरदार एकमेकांना 'रामराम' किंवा 'दंडवत', आणि ब्राह्मण पेशव्याकडून मराठा सरदाराला 'आशीर्वाद'. पत्राची पहिली ओळ वाचली की लिहिणारा कोण आणि घेणारा कोण, हे मजकूर न वाचता कळायचं.

दरबारात मुजरा होता. हा शब्द अरबीतून आला. किंचित वाकून उजवा हात खाली नेऊन कपाळापर्यंत आणायचा, तीनदा केला तर त्रिवार मुजरा. आज शिवजयंतीच्या स्टेटसवर 'मानाचा मुजरा' लिहिलं जातं, ते तिथूनच आलं.

गावकुसाबाहेरच्या माणसासाठी मात्र 'जोहार' होता. महार समाजातल्या माणसानं गावातल्या मोठ्यांसमोर अंतर राखून, वाकून जोहार घालायचा. तो रामराम म्हणू शकत नव्हता, नमस्कार तर दूरच.

चौदाव्या शतकातल्या संत चोखामेळ्यांनी हाच शब्द उचलला आणि थेट विठ्ठलाला जोहार घातला. त्यांच्या जोहाराच्या रचना प्रसिद्ध आहेत. गावच्या पाटलापुढे जो शब्द मान खाली घालून उच्चारावा लागायचा, तोच त्यांनी देवापुढे हक्कानं उच्चारला. पुढे पैठणच्या संत एकनाथांनीही महाराच्या भूमिकेतून जोहाराची भारुडं लिहिली.

जोहार या शब्दाला दुसरी बाजूही आहे. झारखंडपासून पालघरपर्यंत अनेक आदिवासी समाजांत जोहार हे एकमेकांना करायचं अभिमानाचं अभिवादन आहे, तर विदर्भात गोंड समाजातले लोक 'जय सेवा' म्हणतात. तोच जोहार एका ठिकाणी लादलेला, दुसऱ्या ठिकाणी आपला. ज्याच्या त्याच्या अनुभवावर शब्दाची चव ठरते.

जिथं मोठाही वाकतो

आतापर्यंतच्या सगळ्या अभिवादनांत एक गोष्ट कायम होती: धाकट्यानं वाकायचं, मोठ्यानं आशीर्वाद द्यायचा. वय, जात, पद, ज्ञान, नातं, काहीही असो, एक जण वर आणि एक जण खाली.

वारीत मात्र वेगळंच दिसतं. आषाढीच्या वाटेवर दोन वारकरी भेटतात. एक सत्तरीचा, एक पंचविशीचा. 'राम कृष्ण हरी, माऊली' म्हणत दोघं वाकतात आणि एकाच वेळी एकमेकांच्या पायाला हात लावतात. कोण आधी, कोण नंतर, हा प्रश्नच नाही. आजोबा नातवाच्या वयाच्या पोराच्या पाया पडतात. पहिल्यांदा वारीला गेलेला शहरातला मुलगा 'अहो काय करताय' म्हणत मागे सरकतो, कारण घरात त्याला शिकवलेलं असतं की मोठ्यांनी आपल्या पाया पडणं बरं नाही. दोन दिवसांत तोही वाकायला शिकतो.

यामागचा विचार सरळ आहे. समोरच्याच्या ठायी विठ्ठल आहे, त्यामुळे नमस्कार त्या माणसाच्या वयाला किंवा जातीला नसून त्याच्यातल्या देवाला आहे. 'माऊली' ही हाकही तशीच. पुरुष असो, बाई असो, पोलीस असो, टँकरचा ड्रायव्हर असो, सगळे माऊली. मुळात ज्ञानेश्वरांसाठीची ही हाक वारकऱ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाटून टाकली.

याचा अर्थ वारकऱ्यांच्या नमस्कारानं जात संपली असा नाही. ज्या चोखोबांच्या रचना दिंड्यांमध्ये गायल्या जातात, त्यांना पंढरपूरच्या देवळात जाता आलं नाही. त्यांची समाधी देवळाच्या महाद्वारासमोर, बाहेरच आहे. विठ्ठल मंदिराची दारं दलितांसाठी उघडायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशे वर्षं झाली होती. वाटेवर एकमेकांच्या पाया पडणारी माणसं देवळाच्या दाराशी आल्यावर वेगळी होत होती.

तरीही एक उदाहरण शिल्लक राहिलं. नमस्कार दोन्ही बाजूंनी, एकाच उंचीवरून होऊ शकतो, हे लाखो लोकांनी दर वर्षी करून दाखवलं.

'जय भीम' कुठून आलं?

विसाव्या शतकात शिकू लागलेल्या दलित तरुणांना जोहार नकोसा झाला. मग एकमेकांना भेटल्यावर म्हणायचं काय?

नागपूरजवळच्या कामठीत बाबू हरदास एल. एन. नावाचे कार्यकर्ते होते. जन्म १९०४ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत ते तरुणपणीच आले आणि १९३७ च्या निवडणुकीत मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले. १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिशीत, त्यांचं निधन झालं. 'जय भीम' हे अभिवादन म्हणून रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. मुस्लिमांमध्ये 'सलाम अलैकुम'ला 'वालेकुम सलाम' असं उत्तर मिळतं, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. एकानं 'जय भीम' म्हणायचं आणि दुसऱ्यानं 'बळ भीम' म्हणून उत्तर द्यायचं, अशी मूळ कल्पना होती. पुढे उत्तरही 'जय भीम'च झालं.

इथं धाकट्याचा शब्द वेगळा आणि मोठ्याचा वेगळा नाही. मंत्र्याला आणि मजुराला एकच शब्द, उत्तरही तेच. वाकायचीही गरज नाही, ताठ उभं राहून म्हणायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या धर्मांतरानंतर त्याला 'नमो बुद्धाय'ची जोड मिळाली. २०२१ मध्ये 'जय भीम' नावाचा तमिळ सिनेमा आला आणि हा शब्द महाराष्ट्राबाहेर ज्यांना माहीत नव्हता त्यांच्याही तोंडी गेला.

हे अभिवादन हिंदू परंपरेतलं नाही, ती परंपरा सोडणाऱ्यांचं आहे. पण नमस्काराची गोष्ट त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. ज्यांना 'नमस्कार' म्हणू दिलं नाही, त्यांनी स्वतःचा शब्द तयार केला.

आज महाराष्ट्रात अभिवादनांची गर्दी आहे. जय जिजाऊ, जय शिवराय, जय महाराष्ट्र, जय श्रीराम, जय मल्हार, श्री स्वामी समर्थ, पोलिसांचं जय हिंद. फोन उचलल्यावर पहिला शब्द ऐकला की समोरच्याचा पक्ष, पंथ, कधीकधी जातही कळते. जुन्या पत्रांच्या मायन्याचं काम आता कॉलरट्यून करते. सरकारही यातून सुटलेलं नाही. राज्य सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये शासन निर्णय काढून अधिकारी-कर्मचाऱ्यांना फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम' म्हणायला सांगितलं, तेव्हा काहींनी स्वागत केलं, तर काहींनी 'मग जय बळीराजा का नको?' असं विचारलं. माणसानं माणसाला काय म्हणायचं हे वरून ठरवायला गेलं की वाद होतो, हे १७७९ पासून दिसतंच आहे.

भाषेनं सगळं टिपून ठेवलंय

हा सगळा इतिहास मराठीच्या वाक्प्रचारांत मुरलेला आहे. एखादा नेता पक्ष सोडतो तेव्हा बातमीत तो पक्षाला 'रामराम ठोकतो'. नको असलेल्या माणसाला 'दुरून नमस्कार' असतो, अगदीच नको असेल तर 'कोपरापासून नमस्कार'. सत्ता बदलली की 'उगवत्या सूर्याला नमस्कार'. साहेबांपुढे कुणी फारच वाकलं की 'लोटांगण घातलं'. आणि 'चमत्काराशिवाय नमस्कार नाही' ही म्हण तर कुठल्याही प्रवचनापेक्षा खरी. नमस्कार आदरानं होतो तसा भीतीनं, कामापुरता आणि दिखाव्यासाठीही होतो, हे मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे.

पत्रांतली संक्षिप्त रूपंही आठवून बघा. 'शि. सा. न.' म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, तो वडीलधाऱ्यांना. 'स. न. वि. वि.' म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, तो बरोबरीच्यांना. 'अ. उ. आ.' म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, ते धाकट्यांना. वडिलांना 'तीर्थरूप' आणि वडिलांसारख्या इतरांना 'तीर्थस्वरूप', हा फरक चुकला की शाळेत मार्क जायचे. पोस्टकार्डं गेली, तशी ही रूपंही गेली.

आणि आता तो इमोजी

त्यांच्या जागी आता दोन जोडलेल्या हातांचा एक पिवळा इमोजी आला आहे. २०१० मध्ये युनिकोडच्या यादीत तो आला, तेव्हा त्याचं अधिकृत नाव 'हात जोडलेली व्यक्ती' असं होतं. इमोजी मुळात जपानचे. तिथं हात जोडणं म्हणजे 'कृपया' किंवा 'आभारी आहे'. काही देशांत लोक त्याला दोघांनी एकमेकांना दिलेली टाळी समजतात. आपल्याकडे तो सकाळी 'शुभ सकाळ'ला जातो, दुपारी 'सर, पगाराचं बघा ना'ला जातो आणि संध्याकाळी 'भावपूर्ण श्रद्धांजली'लाही जातो.

त्यात एक गोष्ट मात्र आपल्या जुन्या मायन्यांमध्ये कधीच नव्हती. सासरे सुनेला तोच इमोजी पाठवतात आणि सूनही सासऱ्यांना तोच पाठवते. सरपंच, शिपाई, प्राध्यापक, विद्यार्थी, सगळ्यांसाठी हातांचा आकार एकच. कुणाचा स्वर लांबवायचा आणि कुणाचा नाही, हा प्रश्न नाही. सोनारानं पाठवला म्हणून तक्रार घेऊन जायला कुणी नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर १०८ चं गणित आलं की ते खोडून काढायला भांडत बसायची गरज नाही. फक्त ते पाठवणाऱ्या काकांना एक प्रश्न विचारून बघा: तुमच्या आजोबांच्या गावात रामराम कोण कुणाला म्हणायचं, आणि कुणाला म्हणू दिलं जायचं नाही? त्यांना बरंच काही आठवत असेल.